पिवळी वायर

दुकानदाराने फसवलं ते माझ्या वडिलांना. माल मी घेतला, घासाघीस मी केली, पण फसवले गेले ते बाबा.

बाबा आवडी नावाच्या गावातल्या रणगाडा कारखान्यातून निवृत्त झाले होते. इंजिनांची चाचणी घेण्याच्या शेडमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली आणि कान तिथेच राहिले. टीव्ही बघताना ते नटांच्या ओठांवरून निम्मं वाक्य पकडायचे, उरलेलं आईला विचारायचे. आई एकदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगायची, मग म्हणायची, "अहो, नंतर सांगते." ते नंतर कधी यायचं नाही.

मला गाण्याबजावण्याची हौस नाही. पण एका गिऱ्हाइकाच्या घरी मी होम थिएटर ऐकलं. पाच स्पीकरांपैकी टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून जवळजवळ नुसते संवाद येतात. संगीत, मोटारी, मारामारी बाकीच्यांकडे. मधला तेवढा मोठा करायचा, की माणसांचं बोलणं वेगळं काढून कानाजवळ आणल्यासारखं होतं. तिथेच ठरवलं, हे बाबांसाठी घ्यायचं.

माउंट रोडमागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा मी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला आणि कागदवाल्यांशी भांडत भांडत वाढवला. भाव कसा पाडायचा हे मला कुणी शिकवायला नको. दोनदा उठून दाराशी गेलो, दोनदा दुकानदाराने परत बोलावलं.

"सार, मला काय उरणार यात?"

"उरत नसेल तर देऊ नका. आणि फिटिंग, वायरी सगळं यातच."

तमिळमध्ये हो म्हणत त्याने मान डोलावली. "सरि, सार."

मी त्याला मुद्दाम सांगितलं, "वडिलांना कमी ऐकू येतं. मधला स्पीकर नीट बोलला पाहिजे."

"गर्जना करील, सार!"

त्याचा फिटर आला तो आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी. मी शेडमध्ये यंत्रं धुऊन-पुसून घेत होतो. घरी आलो तोवर फिटर जोडणी करून गेला होता, टीव्हीचं कपाट भिंतीला टेकलेलं होतं आणि बाबांनी अँप्लिफायरला, डीव्हीडीला, पाचही स्पीकरांना चंदन-कुंकू लावलं होतं. रिमोटलासुद्धा. चंदन-कुंकू लागलेल्या यंत्राला सण होईपर्यंत हात लावायचा नाही, हा कारखान्यातला नेम घरातही होता. सण झाल्यावर आम्ही सिनेमा लावला. पाचही स्पीकर दणाणले. आई दचकली, शेजारी बघायला आले. "छान आहे रे," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी ते मध्यंतराआधीच उठले. त्यानंतर बसायलाही येईनासे झाले. एकदा स्वयंपाकघरात ते आईला सांगत होते, ते माझ्या कानावर पडलं. "पोराने एवढं भारी यंत्र आणलं, तरी मला शब्द लागत नाही. म्हणजे कानच संपले म्हणायचे." आई म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. "दाखवायला काय उरलंय?"

मी त्याच दिवशी कपाट ओढून काढलं, पुस्तिका उघडली आणि मागची बाजू बघितली. डीव्हीडीपासून टीव्हीपर्यंत चित्रासाठी एकच पिवळी वायर. हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन वायरींची चांगली जागा मोकळी. म्हणूनच लाल साडीचा रंग साडीबाहेर पसरायचा आणि चेहरे पुसट दिसायचे. बाबा ओठ वाचणार तरी कसे? आवाजासाठी साधी लाल-पांढरी जोडी. त्यातून दोनच वाटांचा आवाज जातो, पाच वाटांचा जायला डिजिटल वायर लागते. तिचं भोक कोरंच होतं. आणि हे कळू नये म्हणून फिटरने अँप्लिफायर अशा सेटिंगवर ठेवला होता, की तोच आवाज पाचही स्पीकरांतून यावा. मधल्या स्पीकरमध्येही मोटारी, ढोल आणि माणसं एकत्र कालवलेली. पुस्तिकेत लिहिलं होतं की डिजिटल वायर खोक्यातच येते. आमच्या खोक्यात ती नव्हती.

दुकानात गेलो. तो हसला.

"पाचही स्पीकर बोलतात ना, सार?"

"बोलतात. पाचही एकच बोलतात!"

"तुम्ही किती दाबलंत मला, आठवा. त्या भावात कसली वायर येणार?"

"मग तेव्हाच नाही म्हणायचं. तोंड नव्हतं?"

"फिटरने तुमच्या अप्पांना विचारलं, सार. 'साउंड ओके?' ते म्हणाले, 'ओके, सूपर.'"

माझं डोकं फिरलं. ज्याला ऐकू येत नाही हे मी स्वतः सांगितलं होतं, त्यालाच आवाज कसा आहे हे विचारून घेतलं! बाबा कुणालाही ओके म्हणतात, समोरच्याला पुन्हा बोलावं लागू नये म्हणून. मी काउंटरवर हात आपटला, गल्ली गोळा झाली, पण वायर काही मिळाली नाही.

पलीकडच्या दुकानातून सगळ्या वायरी घेतल्या, पुन्हा घासाघीस करूनच. घरी येऊन रंगाला रंग जुळवला, डिजिटल वायर लावली, डीव्हीडीच्या मेनूत आवाज डिजिटल केला, चित्राची वाट बदलली, फिटरचं सेटिंग काढून टाकलं. मग चाचणीचा आवाज लावला. एकेका स्पीकरमधून नुसती खरखर येते. बाबांना नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, ऐकू आलं की बोट वर करा. मधल्याची पाळी आली तेव्हा बोट वर गेलं नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला, स्पीकरखाली पुठ्ठ्याची घडी सारून त्याचं तोंड त्यांच्याकडे उचललं. बोट वर गेलं.

सिनेमा लावला. एका विनोदावर बाबा आईच्या आधी हसले. आईने विचारलं, "काय म्हणाला हो तो?" बाबांनी तिला सांगितलं.

मी त्यांना वायरींचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "जाऊ दे रे. सणाची घाई, राहिलं असेल."

मी जाऊ देणार नाही. भाव पाडणं हा माझा हक्क, नाही म्हणणं हा त्याचा. त्याने हो म्हटलं आणि खोक्यातली वायर काढून घेतली. बाबा आमच्यातून उठून आतल्या खोलीत जाऊन बसले, आपले कान संपले असं धरून बसले, डॉक्टरकडे जायलाही नाही म्हणाले. त्या दिवसांची भरपाई वायरीने होत नाही. दुकानदाराने माझ्या घरी यावं, बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसावं, त्यांना ओठ दिसतील असं तोंड करावं आणि सांगावं, हे का केलं.