रविवारचा बडी चेक

पलटणीतून निवृत्त झालो आणि माझं शेवटचं पोस्टिंग विरारला, फुलपाड्यात झालं. ऑर्डर कोणी काढली नव्हती. फ्लॅट तिथे घेतला होता, एवढंच. चौथा मजला, दोन खोल्या, गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसतात. बायको आणि मुलगी साताऱ्याकडे गावी. मुलीचं बारावीचं वर्ष आणि माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना वर्षभर तिथेच राहणं भाग होतं. मी वालीवच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो.

रुटीन मी सोडलं नाही. ०४३० ला उठणे. ०५०० ला धावायला. ०६०० ला दाढी, चहा, बूट पॉलिश. ०७३० ला गेटवर हजर. संध्याकाळी परत येऊन भात लावायचा, बायकोला फोन करायचा. ती विचारायची, काय चाललंय? मी सांगायचो, काही नाही. हे उत्तर मी चोवीस वर्षं देत आलो होतो. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. सहा महिन्यांत तीन दारांमागच्या माणसांची नावं मला कळली नव्हती. बंकरमध्ये सात जण एका स्टोव्हभोवती झोपायचो तेव्हा जरा एकटं राहायला मिळावं असं वाटायचं. आता भरपूर मिळत होतं. रविवार तर संपता संपायचा नाही.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये पास्कू म्हणून एक जण होता. वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातला. घरी केळीची वाडी, इकडे नोकरी. पावसाळा संपत आला होता. बोलता बोलता त्याने सांगितलं की गावची फुटबॉल टीम आहे, सगळे चाळिशीच्या आसपासचे, सीझन सुरू होतोय आणि गोलकीपर गुडघ्याने गेलाय. मी म्हणालो, फौजेत मी कंपनी टीमचा गोलकीपर होतो. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. पोट नव्हतं. तेवढ्यावर माझं सिलेक्शन झालं.

पहिली मॅच ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ०९०० ला, चर्चजवळच्या मैदानावर. मी ०७१५ ला पोचलो. मैदानावर दोन बकऱ्या आणि मी. ०८०० ला मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, सुटली तशी माणसं येऊ लागली, पण फुटबॉल सोडून सगळ्या विषयांवर बोलत. कॅप्टन इनास मास्तर, शाळेत गणित शिकवायचा, टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा बचावाचा खेळाडू. वय माझ्याएवढंच. त्याने मला पिवळी जर्सी दिली आणि म्हणाला, "हवालदार, तुम्ही आलात हे बरं झालं. बाकीचे येतील."

बाकीचे आले नाहीत. ०९०० ला नऊ जण होते. दोघं लग्नाला, एक झोपलेला, एकाला मॅच पुढच्या रविवारी आहे असं वाटत होतं. आम्ही चार गोल खाल्ले. तीन तर माझ्याच अंगावरून गेले, खोटं कशाला सांगू. मॅचनंतर सगळे आंब्याखाली बसून हसत होते. मला हसू येईना. मी विचारलं, आजारी कोण, रजेवर कोण, गैरहजर कोण, हे सांगणारं इथे कोणी आहे का?

मग मी त्यांना बडी सिस्टीम समजावून सांगितली. फौजेत प्रत्येक जवानाचा एक बडी असतो. जोडी ठरलेली. बडीने जेवण केलं का, पाय सुजले का, डोकं दुखतंय का, हे दुसऱ्याने रोज सकाळी बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. इथे काम सोपं आहे. शनिवारी रात्री बडीला फोन, रविवारी सकाळी त्याला घेऊनच मैदानावर यायचं. आणि एक लक्षात ठेवा, बडी 'काही नाही' म्हणाला, की काहीतरी आहे असं समजायचं आणि स्वतः जाऊन बघायचं.

हा शेवटचा नियम कुठून आला, ते मी सांगितलं नाही.

आम्ही तेरा जण. सहा जोड्या लावल्या. इनासची जोडी पास्कूबरोबर. इनास गणिताचाच माणूस, त्याने लगेच मोजलं. म्हणाला, एक उरतो. मी म्हणालो, मी रिझर्व्ह. त्याने यादीत माझं नाव शेवटी एकटंच लिहिलं.

दुसऱ्या रविवारी ०८१५ ला तेराही हजर. एकाला त्याच्या बडीने अंघोळीतून ओढून आणला होता, केस ओले. ही गोष्ट त्यांनी मॅचभर पुरवून पुरवून चघळली. मॅच एक-एक बरोबरीत सुटली. हाफटाइमला पास्कूने घरची सुकेळी वाटली. वाळवलेली गोड केळी, पानात बांधलेली. "हवालदार, आधी पानी प्या, मग खावा," म्हणाला. शेवटच्या मिनिटाला मी एक पेनल्टी अडवली तेव्हा दहा माणसं माझ्या अंगावर पडली. बरगड्या दोन दिवस दुखत होत्या. दुखत होत्या याचं मला बरं वाटत होतं.

मॅचनंतर ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागले. मला दहातले तीन शब्द कळायचे. कोणी मुद्दाम करत नव्हतं. हसता हसता कोणीतरी माझ्याकडे वळून मराठीत सांगायचा, पण तोवर हसणं संपलेलं असायचं. मग एकेकाच्या घरून जेवणाची हाक आली. मलाही बोलावलं. मी म्हणालो, काम आहे. काम काही नव्हतं. घरी येऊन बूट धुतले, गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवले आणि ते वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो.

आता शेलारबद्दल लिहायला हवं.

नाईक यशवंत शेलार, खेडकडचा. पाच वर्षं माझा बडी. कंपनी टीमचा स्टॉपर. तो समोर असला की माझ्याकडे बॉल क्वचितच यायचा. आमची पोस्ट सतरा हजार फुटांवर होती. शेलार रजेवरून परत येऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी खाली बटालियन हेडक्वार्टरच्या हेलिपॅडवर इंटर-कंपनी मॅच होती. शेलार नुकताच वर आलेला म्हणून खेळणार नव्हता. मी गोलकीपर. ०६०० ला निघायचं होतं.

०५३० ला मी बडी चेक केला. पाय ठीक. बोटं ठीक. पण तो खोकत होता. कोरडा खोकला, आणि बूट घालताना धाप. मी विचारलं, काय होतंय?

"काही नाही. थंडी बाधलीय. तू जा."

मी म्हणालो, रिपोर्ट करतो.

"रिपोर्ट केलास तर तुला माझ्याजवळ बसवतील. मग गोलमध्ये कोण? जा. हरून येऊ नको."

त्या उंचीवर कोरडा खोकला आणि धाप म्हणजे काय, हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं. फुफ्फुसात पाणी भरतं. औषध एकच, माणसाला ताबडतोब खाली उतरवायचं. हे मला पाठ होतं. आणि मी खालीच चाललो होतो. त्याला सोबत नेलं असतं तरी भागलं असतं. पण मला मॅच खेळायची होती. त्याने 'काही नाही' म्हटलं आणि मी ते मानलं, कारण मला ते मानायचं होतं. पोस्ट कमांडरला मी रिपोर्ट दिला, सब ठीक.

मॅच ११०० ला सुरू झाली. एक-शून्यने जिंकलो. मी एकही गोल खाल्ला नाही. १२२० ला सिग्नलच्या तंबूतून आवाज ऐकू आला. मी ग्लोव्हज काढत बाहेर उभा होतो.

"एक जवान सीरियस. सांस नहीं ले पा रहा. चॉपर चाहिए. ओवर."

"मौसम बंद है. ऑक्सिजन चालू रखो. स्ट्रेचर पार्टी नीचे रवाना करो. ओवर."

"रवाना है. नाम, नाईक शेलार. ओवर."

मी जर्सीवर कोट चढवला आणि डॉक्टरच्या पार्टीबरोबर वर निघालो. १५४० ला वाटेत स्ट्रेचर भेटलं. चेहरा झाकलेला होता. आणणारे चौघे उभे राहिले. माझ्या खिशात ओले ग्लोव्हज होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, सकाळी काही लक्षण दिसलं होतं का. मी खरं सांगितलं. सीनियरने वॉर्निंग दिली, पुढे नोकरी चालू राहिली, प्रमोशनही मिळालं. शेलारच्या वडिलांना मी पत्र लिहिलं, त्यात मात्र खोकल्याचं लिहिलं नाही. त्यानंतर मला दिलेल्या प्रत्येक बडीचा चेक मी इतक्या कडकपणे केला की पोरं मला टाळू लागली. मी कोणाला माझा चेक करू दिला नाही.

तिसऱ्या मॅचच्या आठवड्यात मला गुरुवारी ताप आला. गोळी घेतली आणि ड्युटीवर गेलो. शुक्रवारी डोळ्यांच्या मागे ठणका. शनिवारी हाडं कोणीतरी पिळून काढल्यासारखी झाली. तरी रात्री जर्सीला इस्त्री केली. रविवारी ०५०० ला धावायला म्हणून उठलो आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. शेजारचं दार उघडलं, एक गृहस्थ दूध घेऊन आत गेले. त्यांना वाटलं असेल, बसलाय माणूस.

०८०५ ला इनासचा फोन. मी सांगितलं, आज जमणार नाही. त्याने विचारलं, काय झालं?

"काही नाही. थोडं अंग दुखतंय."

त्याने लगेच फोन ठेवला.

०८५० ला बेल वाजली. भिंतीला धरून दारापर्यंत जायला मला वेळ लागला. दारात इनास उभा, पास्कूकडून पत्ता घेऊन आलेला. पिवळी जर्सी, पायांना शिनगार्ड, पायात घरच्या चपला, हातात स्कूटरची चावी. त्याने माझा हात धरून उजेडात नेला. दंडावर लाल ठिपके होते, मी ते पाहिलेच नव्हते.

मी म्हणालो, "नऊला मॅच आहे."

"आहे."

"गोलमध्ये कोण?"

"कोणी नाही. स्टॉपरपण नाही. हरतील." त्याने माझे बूट शोधून माझ्या पायांत घातले. "तू 'काही नाही' म्हणालास म्हणून आलो. नियम तुझाच आहे."

तोपर्यंत तो मला तुम्ही म्हणायचा.

स्कूटरवर मला बसता येईना. त्याने खाली जाऊन रिक्षा आणली. दवाखान्यात रक्त तपासलं, डेंगी निघाला, प्लेटलेट्स घसरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कठीण होतं. इनासने माझ्या फोनवरून बायकोला कळवलं. ती म्हणाली, काल रात्रीच बोलले होते, काही नाही म्हणाले. इनास म्हणाला, हो वहिनी, त्यांना तेवढंच येतं.

दुपारी आख्खी टीम आली. सिस्टरने दोघांनाच आत सोडलं, बाकीचे काचेतून हात हलवत होते. सहा-शून्यने हरले होते. पास्कू गोलमध्ये उभा राहिला होता आणि त्याबद्दल त्याला जराही लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी इनास एकटाच बसला होता तेव्हा मी त्याला शेलारचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितलं, खोकल्यासकट. मी मॅच सोडली नाही, हेही. त्याने मध्ये काही विचारलं नाही आणि तुझी चूक नव्हती असंही म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. फक्त शेलारचं पूर्ण नाव विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांच्याकडे मृतांची आठवण करतात. पाय अजून लटपटत होते, पण इनास घ्यायला आला आणि मी गेलो. १७०० ला चर्चमागच्या दफनभूमीत सारं गाव जमलं होतं. प्रत्येक कबरीवर झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या. मध्ये एक मोठा क्रूस. ज्यांच्या माणसांची कबर इथे नाही, ते त्या क्रुसाच्या पायाशी मेणबत्ती लावतात. कोणाचा माणूस समुद्रात गेलेला, कोणाचा आखातात पुरलेला. इनासने माझ्या हातात मेणबत्ती दिली. वारा होता. तिसऱ्या काडीला पेटली, ती मी क्रुसाच्या पायाशी लावली.

फादर नावं वाचू लागले. गावातल्या घरांची आडनावं, एकामागून एक. मी चपला काढून मागे उभा होतो.

"नाईक यशवंत शेलार," फादर म्हणाले.

हुद्द्यासकट. इनासने तसंच लिहून दिलं होतं. मी सावधानमध्ये आलो. हातांच्या मुठी पँटच्या शिवणीवर होत्या. पुढचं नाव आलं, त्याच्या पुढचं आलं. मी तसाच उभा होतो. टीममधले चार-पाच जण माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, ते मला नंतर कळलं.

लोक पांगू लागले. इनासने विचारलं, "ठीक आहेस?"

काही नाही, हे शब्द तोंडापर्यंत आले होते.

"नाही," मी म्हणालो. "ठीक नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग बसू."

आम्ही क्रुसाच्या पायरीवर बसलो. शेलारची मेणबत्ती बोटभर उरली होती. ती विझेपर्यंत बसलो.