पुस्तक घेऊन माधवनगरला

सुमे, ये, अशी जवळ बस. पुण्याच्या मोठ्या प्रकाशकाकडं कादंबरी धाडून वर्ष झालं आणि तू अजून फोनकडंच बघत बसलीस? तिथं तुझ्या बाडाचा उपयोग होतच असेल म्हणा, एखादं कपाट डुगडुगत असलं तर. मी बघ, माझं पुस्तक घेऊन सरळ सांगलीजवळचं माधवनगर गाठलं.

साताऱ्याहून एसटी धरली. शेजारी आमचे हे, फौजेतले सुभेदार, कडक इस्त्रीत. पुस्तक माझं, पण त्यातली तीन प्रकरणं त्यांच्या पराक्रमाची. तेव्हा सत्कार कुणाचा होणार, याविषयी त्यांच्या मनात काही शंका नव्हती. कराड सोडलं की दोन्ही अंगांनी नुसता ऊस. सांगलीत रिक्षावाल्याला ‘प्रकाशक’ म्हटलं, तर त्यानं लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दारात उतरवलं.

“लग्न कुणाचं हाय, आजी?” छापखानेवाल्यानं विचारलं.

“आमचंच. तेवढं राहिलं होतं.”

माधवनगरातली प्रकाशनसंस्था म्हणजे बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड, विजयाताई आणि त्यांच्या सासूबाई. आधी भाकरी, भरलं वांगं आणि मिरचीचा खर्डा पोटभर वाढला. मग विजयाताई म्हणाल्या, “आता वाचा. सासूबाई लसूण सोलत ऐकतील. त्यांचे हात थांबतील ती पानं राहतील.”

फौजेची भरतीसुद्धा इतकी कडक नसते.

मी पराक्रमापासून सुरुवात केली. लसूण भराभर सोलला गेला. दुसऱ्या प्रकरणाला नवी गड्डी आली. तिसऱ्याला खुद्द सुभेदार घोरायला लागले. मग ते सीमेवर असताना मी एकटीनं शेती कशी रेटली, ती दोन पानं चाचरत वाचली. सासूबाईंचे हात थांबले.

“तिन्ही प्रकरणं काढू,” विजयाताई म्हणाल्या. “ही दोन पानं वाढवा, मग छापू.”

मी बाड मिटलं. “अहो, मग पुस्तकात उरलं काय?”

“तू हाईस की,” सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सुभेदार दचकून उठले. “कुठवर आलं?”

“तुमी रिटायर झालासा,” सासूबाईंनी सांगितलं.

परतताना कराड आल्यावर सुभेदार म्हणाले, “काढलंस ते बरं केलंस. लय फुगवलं होतंस.” मूळ फुगवणारं तोंड कुणाचं, ते मी भर एसटीत विचारलं नाही.

सुमे, मोठे लोक तुला गोड शब्दांत नाही म्हणतील, तेही सवडीनं. छोट्या प्रकाशकाकडं जेवून, भांडून यावं लागतं. पण तो तुझं पान न् पान ऐकून घेतो. आता मला माझी पानं लिहायची आहेत आणि घरात ऐकणारा माणूस एकच, तोही झोपाळू. उद्या परत ये बाई. आणि तुझी कादंबरीही आण.