ईशान्येचं गेट

आमचा तालुका जिल्हा होणार, अशी आवई दर दोन-तीन वर्षांनी उठते. दुष्काळाच्या त्या वर्षी ती जरा जोरातच उठली. प्यायला पाणी नसलं की लोकांना गिळायला काहीतरी लागतं, हे एक कारण. दुसरं कारण आमचे अप्पा. लातूरपासून सुटून आपला स्वतंत्र जिल्हा झाला की कलेक्टर पहिल्यांदा आपल्याच डाळमिलला भेट देणार, याबद्दल त्यांना काडीचीही शंका नव्हती.

मी त्यांच्या गोदामाचा व्यवस्थापक होतो. त्या वर्षी इकडची तूर जळून गेली होती आणि मिल चालत होती ती दरवर्षी थोडीफार येणाऱ्या परदेशी तुरीवरच. बंदरातून रेल्वेनं आलेले कंटेनर यार्डात उतरायचे आणि तिथून ट्रेलरनं आमच्याकडे यायचे. अंतर साडेसहा किलोमीटर. ते मी स्कूटरवर दोनदा मोजलं आहे.

ही खेप करणारा ड्रायव्हर लोहा गावचा होता. पन्नाशीचा, बोलायला कमी. कंटेनरचं दार मागच्या बाजूला असतं, म्हणून गाडी उलटी घेऊन माल उतरवायच्या धक्क्याला लावावी लागते. नऊ वर्षांत त्यानं धक्क्याचा एक दगडही खरवडला नव्हता.

जिल्ह्याच्या तयारीसाठी अप्पांनी हैदराबादहून एक वास्तुपंडित आणला. पंडितानं होकायंत्र फिरवलं आणि माल दक्षिणेकडून आत येतो म्हणून खेद व्यक्त केला. आठ दिवसांत हमरस्त्याकडचं मोठं गेट विटांनी बंद झालं. भिंतीसाठी दोन टँकर पाणी विकत आणलं. नवं गेट ईशान्येला, मागच्या बोळात निघालं. त्याच बोळात वस्तीची पाण्याची टाकी होती आणि पहाटे पाचपासून तिथं घागरींची रांग लागायची.

मी टेप लावून मोजमाप केलं. बोळ एकवीस फूट, गेट चौदा फूट, आणि ट्रेलर तोंडापासून शेपटापर्यंत पंचावन्न फूट. कागदावर आकृती काढून अप्पांना दाखवली.

"गाडी वळणार नाही, अप्पा."

"तुमचं गणित लई पक्कं हाय," ते म्हणाले, "पण गणितानं जिल्हे होत न्हाईत."

पहिल्याच दिवशी ड्रायव्हर बोळात शिरला, खाली उतरला, पावलांनी अंतर मोजलं आणि गेटात उभ्या अप्पांकडे आला.

"मालक, टाकी पडंल."

"इतकी वर्षं गाडी हाकतोस की म्हशी वळतोस?"

"म्हैस असती तर वळली असती, मालक. ही न्हाई वळत."

रांगेतल्या बाया हसल्या. अप्पांना जागा अपुरी आहे हे पटलं नसतं, पण बाया हसल्या हे लगेच पटलं. त्यांनी तिथूनच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. ड्रायव्हर कच्चा आहे, बदला.

आमच्या भागात ट्रेलरवाल्याला एकदा 'कच्चा' म्हटलं की पुन्हा कुणी ट्रेलर देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पाण्याच्या टँकरवर बसवलं. मी माझा कागद घेऊन ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. त्यानं तो नीट वाचला.

"नकाशा बरोबर हाय, साहेब. पण गिऱ्हाईक अप्पा हायेत, नकाशा न्हाई."

इतकं सरळ उत्तर दिल्याबद्दल तरी त्याला मान द्यावा, असं मला क्षणभर वाटलं. मग त्यानं नव्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं. तो त्याचा भाचा. दोन वर्षांत तीन आरसे फोडलेला.

भाच्यानं गुरुवारी सकाळी गाडी बोळात घातली आणि तिसऱ्या झटक्याला टाकीचा ओटा उडवला. वस्तीचं त्या दिवसाचं सगळं पाणी दहा मिनिटांत गटारात गेलं. बाया ट्रेलरपुढे बसल्या. एक म्हातारी अप्पांना म्हणाली, "अप्पा, आता तुमच्या कलेक्टरला म्हणावं, येताना घागर घेऊन ये."

तीन तास पंचवीस मिनिटं गाडी हलली नाही. शेवटी पंडिताला फोन लागला. त्यानं बराच विचार केला आणि तोडगा दिला. दक्षिणेचं गेट उघडावं, हरकत नाही, मात्र गाडीनं उलटं यावं. उलट्या गाडीचं तोंड बाहेर असतं, म्हणून तो प्रवेश धरत नाहीत.

अप्पांचा चेहरा उजळला. मला राहवलं नाही.

"अप्पा, नऊ वर्षं गाडी उलटीच येते."

"नऊ वर्षं चुकून येत होती. आता शास्त्रानं येईल."

मी एवढंच म्हणालो की भिंत पाडा, पण त्या गेटातून गाडी लोह्याच्या ड्रायव्हरनंच आणायची. दुसऱ्या कुणी आणली तर माल ताब्यात घेतल्याची सही मी करणार नाही. सही नसेल तर कंटेनर रिकामा करता येत नव्हता आणि मिलमध्ये दीड दिवसाचीच तूर उरली होती. अप्पांनी आधी भाच्यासाठी धावत आलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग जुन्याच ड्रायव्हरला पाठवून द्या म्हणाले. टाकी मात्र नगरपालिकेनं बसवावी, असं त्यांचं मत पडलं.

भिंत पाडायला एक दिवस गेला. शनिवारी सकाळी ड्रायव्हर टँकर सोडून ट्रेलर घेऊन आला. विटांचा चुरा अजून गेटात पडला होता. त्यानं हमरस्त्यावर गाडी सरळ केली, एकदा आरशात पाहिलं आणि उलटी घेत एका दमात धक्क्याला लावली. घड्याळाप्रमाणे अडीच मिनिटं. मधे चहाच्या कपाएवढी जागा उरली.

अप्पा पुढे झाले आणि हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिकलास की रे!"

तो खाली उतरला. धक्क्यावर चढून कंटेनरच्या दाराशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "सील बघून घ्या, साहेब."

मी सीलचा नंबर मालाबरोबर आलेल्या चलनाशी ताडून पाहिला. बरोबर होता. मी सही केली.