लीलाअक्काचं बिनदोऱ्याचं मशीन

दशक्रियेला माईक कशाला लागतो हो?

लीलाअक्काला जाऊन आज महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही.

सावेडीत तिचा शिवणक्लास. मी तिच्या हाताखाली.
ज्यांच्यावर जबरदस्ती झाली, अशा बायका-मुली तिच्याकडे मन मोकळं करायला यायच्या. बाकीच्या खरंच ब्लाऊज शिवायला.
कोण कशाला आली, हे बाहेर कधीच कळलं नाही.

"ब्लाऊजचं माप घ्यायला पडदा लागतो, मग बोलायला नको व्हय?" अक्का म्हणायची.

मागच्या खोलीत कोणी बोलायला लागली की ती मशीन चालवायची. दोरा नाही, कापड नाही. नुसती खडखड, बाहेर शब्द जाऊ नये म्हणून.

मी एकदा म्हटलं, "अक्का, रेकॉर्ड ठेवू की. नाव, गाव."
"तुझ्या वहीला कुलूप हाय का?"
विषय कट.

आणि दशक्रियेला काय झालं?
एक पुढारी म्हणाले, "ताई, चार शब्द बोलायचेत, जरा माहिती द्या." मी शहाणी! अभिमानाने सगळं सांगून बसले.
त्यांनी माईक घेतला. "अक्कांनी ज्या पीडित भगिनींना आधार दिला, त्यांनी जागेवर उभं राहावं. आपण त्यांचं कौतुक करू."
वर टाळ्या!

अहो, काही लाज? तिने जन्मभर झाकलं ते तुम्ही दोन मिनिटांत चव्हाट्यावर आणलं. आणि मी आणू दिलं.

कोणीच उठलं नाही. सगळ्या माना खाली.
त्या गर्दीत एक मुलगी होती. कुठली, कुठे बसलेली, विचारू नका. तिच्यावर काय गुदरलं, ते तिच्या आईलासुद्धा माहीत नाही.
नंतर चपला शोधताना हळूच म्हणाली, "ताई, आता मी तिकडं कशी येऊ? लोक लगेच वळखतील."


तेव्हापासून क्लास ओस पडलाय. ब्लाऊजवाल्यासुद्धा येत नाहीत. दारात दिसलं तर लोक म्हणतील, हिचंही काहीतरी असेल.

म्हणून मैत्रिणींनो, खाली हात जोडल्याचे इमोजी टाकू नका. डोकं फिरतं माझं.
अक्काला श्रद्धांजली वाहायचीय ना?
मग एक ब्लाऊजपीस घ्या आणि क्लासला या. वहिनीला आणा, जावेला आणा, शेजारणीला आणा. दारात चपलांचा ढीग पडू दे.
तुमच्या गर्दीतून त्या मुलीला आत येता येईल.

अक्का, चुकले गं मी.
तू नीज आता. मशीन मी चालवते.