काटे बारावर

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. भिवापूरच्या शाळेतून नागपूरला शिकायला आले आणि तीन वर्षं कामठीला मावशीकडे राहिले. मावशी तेव्हा घड्याळाच्या कारखान्यात काटे बसवायची. संध्याकाळी डोळ्यांवर ओली फडकी ठेवून पडायची आणि मला म्हणायची, "तू वाच वं, मी ऐकून राहिली." माझी निम्मी पदवी त्या फडक्यांखालून ऐकली गेली आहे.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. यंदा त्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मावशीला विचारलं, लोकांसमोर काटे बसवून दाखवशील का?

"मोतीबिंदूचे डोळे, थरथरता हात. लोकायसमोर काटा पडला तर म्हणतील, हेच का ते कारागीर. मले नको."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती नुसतं पाहायला म्हणून आली. काचेच्या पेटीत आम्ही जुनी घड्याळं मांडली होती. जाहिरातीत असतात तसे सगळ्यांचे काटे मी दहा वाजून दहा मिनिटांवर लावले होते. ती पेटीवर वाकून एकेक घड्याळ पाहत गेली.

"काहून वं, हे दुकान आहे का?"

"काय चुकलं?"

"आमच्या टेबलावरून घड्याळ निघे ते बारावर. आधी तासकाटा, त्याच्यावर मिनिटकाटा, मंग सेकंदकाटा. तिघं एका रेषेत नसले तर घड्याळ जन्मभर खोटं बोलते. तू तं आम्हा बनवणाऱ्याईले गिऱ्हाईक करून टाकलं."

पाटीवर मी फक्त 'जुळणी विभाग' लिहिलं होतं. जुळवणाऱ्या बायकांबद्दल एक अक्षर नव्हतं. इतकी शिकून मी तिच्या कामाकडे जाहिरातीतून पाहिलं होतं.

आम्ही पेटी उघडली. ती सांगत गेली, मी एकेक घड्याळ बारावर आणलं. पाटी नव्याने लिहिली: काटे बसवणाऱ्या बायका, आणि खाली त्यांच्या कामाची रीत, तिच्याच शब्दांत. तिनं ती दोनदा वाचली.

"चिमटा आहे का तुमच्यापाशी?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसली. भोवती लोक जमले. तासकाटा चिमट्यातून निसटला आणि पांढऱ्या कापडावर पडला. कोणी हसलं नाही, पण तिचे कान लाल झाले. मला वाटलं, मीच तिला या फजितीत आणलं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. कारखान्यात ती मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची.

"श्वास सोड ना पहिले. विसरली काय? काटा ठेवाच्या वक्ती छातीत हवा ठेवून राहिली."

"तू चूप बस. तुह्या घड्याळाचे काटे किती डाव वापस आले, सांगू का साऱ्याईले?"

"सांग. पण श्वास सोडून सांग."

मावशी हसली, आणि हसण्यातच श्वास सुटला. हात स्थिर झाला. तासकाटा बसला, मिनिटकाटा बसला, मग केसासारखा सेकंदकाटा.

"बारा," ती म्हणाली. कारखान्यात काम झाल्याची खूण तीच असायची. मैत्रिणीचा तळहात जुन्या सवयीनं आधीच पुढे आला होता. मावशीनं घड्याळ त्यात ठेवलं, कापड झटकलं आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली,

"दुसरं आण वं."