मुशीचं अंडं आणि दुधीच्या बिया

चौथीत माझी शाळा सुटली, लग्न झालं तसा समुद्रही सुटला. नवरा साखर कारखान्यात फिटर. घाटावर, सणसरला एका बागायतदाराच्या घरात मागची खोली मिळाली. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पाटाचं पाणी उसात शिरलं की मला झोपेत भरती आल्यासारखं वाटायचं.

पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी पाचवा महिना लागला आणि माहेरून निरोप आला, बाळंतपणाला कोकणात ये. घाटात आदळणारी एसटी आठवली की हात आपोआप पोटावर जाई. पण रीत मोडून नको कसं म्हणायचं?

कोनाड्यात माहेरची एकच वस्तू होती: मुशीचं वाळकं अंडं. बोटभर लांब, तपकिरी, चिवट, कडेला धागे. हलवलं की आत खुळखुळायचं. मुशी म्हणजे शार्क मासा; ही जात लहानशी, पट्ट्यापट्ट्यांची, समुद्राच्या तळाशी दगडांत पडून राहणारी. वडिलांच्या जाळ्यात क्वचितच यायची.

एका सकाळी कोनाडा रिकामा! मी शोधत पुढच्या घरात गेले. घरमालकीण, मी त्यांना मावशी म्हणे, चुलीपाशी ओलं फडकं सोडत होत्या. मोड आणायला बांधलेल्या दुधीच्या बिया, आणि त्यांत माझं अंडं, मऊ पडलेलं. वास थेट आमच्या किनाऱ्याचा.

"कसली गं ही शेंग? तुज्या कोनाड्यातनं घिऊन बियांसंगं भिजवली. मोड न्हाय, नुसता वास मारतीया."

"शेंग नाही मावशी, माशाचं अंडं."

ओट्यावरून त्यांचे मालक हसले. "लाव की मांडवाखाली. दुधीसंगं मासं लोंबत्याल."

"तुमी गप ऱ्हावा. आन् हे धागं कशाला गं?"

मी सांगितलं. मुशी धाग्यांनी अंडं तळाशी शेवाळाला अडकवते आणि निघून जाते. पिल्लू आतला बलक खात कितीतरी महिने एकटंच डुलतं. कवचाच्या चिरांतून पाणी आतबाहेर होतं. धागे तुटले तर अंडं वाळूवर येऊन सुकतं.

"हे तसलंच?"

"हो. पिल्लू आतच वाळलेलं."

मावशींनी माझ्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. "आन् तू यष्टीत बसून घाट उतरणार व्हय? कुठं न्हाय जायचं. हितंच बाळंत हो. तुज्या आईला मी बोलावती."

अंडं त्यांनी दुधीच्या आळ्यात पुरलं, वर ओंजळभर पाणी घातलं.

आई आली. मुलगी त्याच खोलीत झाली. बाहेर पाट वाहत होता. मुठी आवळून ती कुशीत झोपली होती, आणि वाटत होतं, आम्ही दोघी अगदी तळाशी आहोत, वर कितीतरी पाणी, आणि धागा घट्ट.