गोटमारीच्या दिवशीची मुलाखत

पांढुर्ण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर कंपनीचा कोर्स सुरू झाला तेव्हा माझी बायको जिवंत होती. आईबापांना मीटिंगला बोलावलं होतं. आम्ही दोघं पोरीसोबत सावरगावहून पूल ओलांडून पायीच गेलो. कंपनीचा तरुण साहेब टाय लावून बोलला. जागा अन् शिकवणारे कॉलेजचे, मशिनी कंपनीच्या, वर्षभर शिकायचं, शेवटी कंपनी मुलाखत घेईल अन् पास होतील त्यांना नागपूरच्या ऑफिसात घेईल. बसनं तासाभरावरच्या सौंसरच्या कॉलेजातही हाच कोर्स होता.

मी चौथी शिकलेला, जन्म दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागा राखण्यात गेला. मला अर्धंच समजलं. बायको मात्र सगळ्यांसमोर उभी राहिली.

"साहेब, पोट्टी नागपूरले राहीन कुठं? अन् रातपाळी त नाही न लावणार?"

लोक हसले. साहेब हसला नाही. "आई, मुलींचं होस्टेल आहे. रातपाळी मुलींना नाही."

परत येताना ती पुलावरच थांबली. "पाहा, टाय लावते पण आपल्या माणसावाणी बोलते."

"तुले आई म्हटलं म्हणून कंपनी चांगली झाली काय?"

"हो, झाली! तुमचं काय जाते?"

तेव्हापासून तिचं एकच. आधी नोकरी, मग लग्न. दोन स्थळं आली, तिनं त्यांना चहा पाजून दारातूनच वाटेला लावलं.

उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. नागपूरला नेली ती जिवंत परत आली नाही. त्याबद्दल जास्त लिहिणं मला जमत नाही. घरात मी अन् पोरगी उरलो. तेरवी झाली अन् पोरगी कोर्सला गेली, माझ्यासमोर रडली नाही. आम्ही बोलायचो ते भाजीचं, गॅसचं, लाईट गेल्याचं. तिच्या पोटातलं बाहेर काढणं आईला यायचं. मी नुसता समोर बसून राहायचो.

मग कंपनीनं मुलाखतीचा दिवस कळवला. पोळ्याचा दुसरा दिवस.

बाहेरच्यासाठी लिहितो. त्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. त्या झेंड्यासाठी इकडून सावरगाव अन् तिकडून पांढुर्णा एकमेकांवर दगड मारतात. डोकी फुटतात, कधी माणूसही जातो. मी तरुणपणी भरपूर मारले, खाल्लेही. बाजार बंद, बस बंद, चौकाचौकात पोलीस.

पोरगी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी गोटमार आहे."

"मग कोर्सच्या सरले सांग न."

"सांगितलं. ते म्हणतात, प्रिन्सिपल साहेबाले माहीत आहे. सकाळीच उरकून टाकू. कंपनीवाल्याजवळ कोणी गोटमारीचं नाव काढू नका म्हणतात."

मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण कॉलेजवाले शिकलेले, त्यांनी इचार केला असंल म्हटलं.

पूल बंद व्हायच्या आत, दिवस उगवताच आम्ही पलीकडे गेलो. पोरीनं निळा कुडता घातला होता, इस्त्री आदल्या दिवशीच करून ठेवलेली. कॉलेजच्या गेटासमोर बाकीची पोरं-पोरी उभी होती. एकमेकांना इंग्रजीत नावगाव विचारून सराव करून राहिली होती. माझी पोरगीही हसली त्यांच्यात. आई गेल्यावर मी तिला तेव्हाच हसताना पाहिलं.

नऊ वाजले, दहा वाजले. मग सर आले ते तोंड पाडूनच. कंपनीचे साहेब लोक रात्री सौंसरला उतरले होते. सकाळी हॉटेलवाल्यानं विचारलं, आज पांढुर्ण्याला कशाला जाता? त्यानं मोबाईलमध्ये मागच्या गोटमारीचे व्हिडिओ दाखवले. रक्ताळलेली डोकी पाहिल्यावर ते निघालेच नाहीत. सौंसरच्या पोरांची मुलाखत तिथंच घेऊन राहिले होते.

"ज्याले जमते त्यानं दुपारपर्यंत सौंसर गाठा," सर म्हणाले.

फटफटीवाली पोरं एकमेकांच्या मागं बसून गेली. पोरी राहिल्या. मी पळतच एका ऑटोवाल्याकडे गेलो. तो बाजेवर पडला होता.

"बुढेबाबा, आज? चौकातच पोलीस अडवते. ऑटो आत टाकतीन, तुमालेबी आत टाकतीन."

"पोरीची नोकरी आहे रे बाप्पा."

"मग नोकरी देणाऱ्याले दुसरा दिवस नाही भेटला काय?"

परत आलो तर पोरगी गेटाच्या पायरीवर बसली होती. घरी जायला पूलही बंद झाला होता. नदीकडून लोकांचा गलका ऐकू येत होता, मधून मधून ॲम्ब्युलन्स. मी म्हटलं, "तुझी आई असती त..."

"बाबा, नका न."

संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच बसलो.

चार दिवसांनी मी प्रिन्सिपलकडे गेलो. ते बसा म्हणाले, मी बसलो नाही.

"तुमी त्याईले आधी काहून नाही सांगितलं?"

"काका, काय सांगणार होतो? आमच्या गावात एकमेकांना दगड मारतात म्हणून? कंपनी पहिल्याच दिवशी पळाली असती."

"मग आता काय थांबली काय?"

त्यांना लाज वाटली होती गावाची, अन् ती लाज झाकायला त्यांनी आमची पोरं पुढं केली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यानं काही झालं नाही. पुन्हा मुलाखत होईल, कळवू, असं कंपनी महिनाभर म्हणत राहिली. मग मशिनी गाडीत भरून नेल्या. गेटावरची कंपनीची पाटीही काढली. सौंसरची पोरं नागपूरला कामाला लागली, फटफटीवाल्यांतलेही दोघं लागले.

दिवाळीनंतर माझ्या साळ्यानं मोहगावचं स्थळ आणलं. पोरगा कापसाच्या जिनिंगवर आहे. मी पोरीला म्हटलं, नाही म्हणायचं असंल त म्हण, मी त्याईले वाटेला लावतो. ती कणीक मळत होती. "येऊ द्या, बाबा," एवढंच बोलली. खरंच म्हणते की थकून म्हणते, मला ओळखता आलं नाही. ओळखणारी गेली.

पाहुणे आले. पोराच्या आईनं विचारलं, "शिक्षण काय हो पोरीचं?"

"बी.ए.," पोरगी म्हणाली.

"अजून काही?"

"नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती ट्रेमधले कप सरळ करत होती. कोर्सचं नाव मीही काढलं नाही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले अन् तिथंच पसंती सांगितली.